एक जानेवारी १९८०



गेल्या रविवारी माळ्यावरून यांचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. ३८६. पिवळा पडलेला आणि वरवंट्यासारखा जड. १९९९ च्या दिवाळीनंतर हे गेले, तेव्हापासून तो चादरीत गुंडाळलेलाच होता. यांनी आमच्या चिरंजीवांना अमेरिकेत लिहिलेली पत्रं त्यात आहेत, ती मला हवी होती.

भाच्याने कॅबिनेट उघडलं. आत बोर्डावर निळ्या नळकांड्यासारखी एक बॅटरी, आणि तिच्याभोवती तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर. "आत्या, व्हिनेगर आहे का घरात?" मला वाटलं चेष्टा करतोय. पण बॅटरीतून गळतं ते अल्कली, त्यावर आंबटाचाच उतारा. व्हिनेगर, मग स्पिरिट, मग दिवसभर वाळवण. जुनी बॅटरी कापून टाकली. बोर्डावर बाहेरची बॅटरी जोडायला चार पिना होत्या, तिथे पेन्सिल सेलची डबी जोडली. घड्याळ चालू झालं!

इतिहास शिकवण्यात उभं आयुष्य गेलं, त्यामुळे या घड्याळाचाही इतिहास शोधणं आलंच.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला पहिला पीसी आणला, त्यात बॅटरीवरचं घड्याळच नव्हतं. यंत्र सुरू केलं की डॉस आधी तारीख विचारी, मग वेळ. कंटाळून नुसतं एंटर दाबलं की तो १ जानेवारी १९८० धरून चाले, कारण त्याचं पंचांगच तिथून सुरू होतं. आतला एक टायमर सेकंदाला साधारण १८ टोले देई आणि त्यावरून वेळ पुढे सरके. वीज गेली की सगळं विसरलं. लहानपणी गावाकडच्या लग्नात घटिकापात्र पाहिलेलं आठवतं. पात्र बुडालं की भटजी ते रिकामं करून पुन्हा पाण्यावर सोडत. लक्ष द्यायला कुणी नसेल तर पात्र आपलं तळाशी बसून. तसाच हा प्रकार. काही लोक मग घड्याळ आणि सेल असलेलं वेगळं कार्ड विकत घेऊन बसवत.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये मात्र मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप मूळ बोर्डावरच आली. सोबत बॅटरी आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक. मनगटी घड्याळात असतो तोच. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. (करून पाहा, मीही वहीवर करून पाहिलं.) चिपमध्ये ६४ बाइट जागा. त्यातले १४ घड्याळाला, उरलेले ५० यंत्राची स्वतःची माहिती ठेवायला : मेमरी किती, डिस्क कोणती वगैरे. म्हणून बॅटरी मेली की यंत्र वेळ विसरतं आणि स्वतःची डिस्कही विसरतं.

आमच्या यंत्राची बॅटरी १९९८ मध्येच मेली असावी. यांनी डिस्कचे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवले होते. ते दर वेळी भरत, नाहीतर यंत्र पुढेच जात नसे. तारीख भरायचा मात्र कंटाळा. त्याच कागदावरून परवा भाच्याने डिस्क चालू केली. पाहतो तर १९९४ पासूनच्या पत्रांना नीट तारखा आणि शेवटच्या ४१ पत्रांवर एकच तारीख, ०१-०१-८०!

आता आली पंचाईत. घड्याळ दुरुस्त झालं तरी ते पुढचंच मोजणार. मागचं आपल्यालाच लावायचं. शिवरायांच्या जन्मतारखेवर किती वर्षं वाद चालला, जेधे शकावलीसारखे कागद तपासले गेले, तेव्हा कुठे २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. मीही तसेच पुरावे शोधत बसले. एका पत्रात कुंबळेने "काल" दहा बळी घेतले आहेत, म्हणजे ते ८ फेब्रुवारी १९९९ चं. दुसऱ्यात कारगिल आहे. अशी बरीच पत्रं लागली.

मग वेळेचा रकाना पाहिला. रात्रीचे १२ वाजून २२ मिनिटं, १२ वाजून ४०. हे तर दहाला झोपणारे! भाचा म्हणाला, "आत्या, बॅटरी नसली की घड्याळ दर वेळी मध्यरात्रीपासून सुरू होतं. म्हणजे मशीन सुरू केल्यावर २२ मिनिटांनी काकांनी पत्र सेव्ह केलं." मी थक्क झाले. जे घड्याळ खोटी तारीख सांगत होतं, ते हे किती वेळ बसले होते तेवढं खरं सांगत होतं.

एक पत्र चारच ओळींचं आहे, वाक्य मध्येच तुटलेलं. त्यावर वेळ आहे २ वाजून १७ मिनिटं. चार ओळींना सव्वादोन तास. दवाखान्यात जाण्याआधीचं असेल का? की मध्ये पत्ते खेळत बसले होते? तोही नाद होताच. पुरावा नाही. मुलांना शिकवायची तेच स्वतःला सांगितलं, पुरावा नसेल तिथे जागा कोरी सोडायची. त्या पत्रापुढे वहीत तारीख लिहिलेली नाही.

सगळी पत्रं न उघडता कॉपी करून घेतली. उघडून सेव्ह केली असती तर आजची तारीख पडली असती आणि ते सव्वादोन तासही गेले असते.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. हे डॉट मॅट्रिक्सवर छापून तुम्हालाही पत्रं पाठवत. १९९८-९९ मधलं एखादं कुणाकडे असेल तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहून कळवा. तेवढंच एखादं पत्र जागेवर बसेल.