जुन्या लष्करी जीपगाडीचा मागला आंस



नागपुरास मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग एकमेकांस छेदून जातात. एके काळीं वऱ्हाड-नागपूरकडील कापूस बैलगाडींतून बाजारास येई आणि तेथून आगगाडींत चढे. या दोन वाहनांच्या चाकांकडे आपण कधीं निरखून पाहिलें आहे काय? बैलगाडीचा आंस स्थिर असतो. चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. आगगाडीच्या डब्याचें याच्या उलट आहे. तेथें दोन चाकें व त्यांमधील आंस एकजीव असून तीं सर्व मिळून फिरतात. भारहि त्या आंसानेंच वाहावयाचा आणि फिरावयाचेंहि त्यानेंच. मोटारीचा मागला आंस रचणाऱ्यांपुढें जवळजवळ हेच दोन मार्ग होते. कोणत्या गाडीनें कोणता मार्ग पत्करला, हा प्रश्न वरवर केवळ मिस्त्रीपुरता दिसतो. परंतु युद्धकाळांतील जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या जिवाशीं त्याचा संबंध पोंचतो, आणि म्हणूनच त्याची हकीगत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मोटारीच्या इंजिनाचा जोर मागें डिफरन्शियलपर्यंत येतो व तेथून डावीउजवीकडे दोन पोलादी दांडे तो चाकांस पोंचवितात. हे दांडे एका जाड नळींत असतात. आतां चाक जर दांड्याच्याच टोंकास बसविलें, तर दांड्यास दोन कामें पडतात : चाक फिरविणें आणि ओझें तोलणें. या रचनेस सेमी-फ्लोटिंग म्हणतात. दुसऱ्या रचनेंत चाकाचा तुंबा दोन बेअरिंगांवर, त्या नळीच्याच टोंकाभोंवतीं फिरतो. ओझें नळी वाहते. दांडा आंत मोकळा राहून केवळ पीळ पोंचवितो. हीच फुल-फ्लोटिंग रचना. दांडा ओझ्यापासून मुक्त, जणूं तरंगता, म्हणून हें नांव. बैलगाडीचा आंस पोकळ करून त्यांतून एक फिरता दांडा ओवावा, तशी ही युक्ति आहे.

दोहोंतील खरा फरक कळतो तो दांडा मोडल्यावर. सेमी-फ्लोटिंग गाडीचा दांडा बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूस तुटला, तर चाकच निखळून जातें. फुल-फ्लोटिंग गाडीचें चाक जागीं राहतें. बाहेरचे बोल्ट काढले कीं दांडा ओढून घेतां येतो. चाक उतरवावें लागत नाहीं कीं गाडीखालीं जॅक लावावा लागत नाहीं. आंत अडकलेला तुकडा काढावयास थोडी खटपट पडते, एवढेंच. नवा दांडा जवळ नसेल आणि गाडी चारहि चाकांनीं चालणारी असेल, तर मागचे दोन्ही दांडे काढून, तुंब्यांचीं तोंडें धुळीपासून झांकून, पुढल्या चाकांच्या बळावर घर गांठतां येतें.

रणांगणावर या गुणाचें मोल केवढें असेल, हें सांगावयास नको. १९४० च्या जुलैंत अमेरिकेच्या सैन्यानें एका हलक्या, चारहि चाकांनीं चालणाऱ्या गाडीची मागणी १३५ कारखान्यांकडे पाठविली. बँटम या लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं आपली नमुन्याची गाडी हजर केली. पुढें विलीज कंपनीचा नमुना पसंत होऊन १९४१ सालीं त्याचें उत्पादन सुरू झालें, व त्याच बरहुकूम गाड्या बनविण्याचें काम फोर्ड कंपनीसहि देण्यांत आलें. विलीजनें सुमारें ३ लक्ष ६० हजार आणि फोर्डनें सुमारें २ लक्ष ८० हजार जीपगाड्या बनविल्या. दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांस बसले पाहिजेत, असा सैन्याचा दंडक होता. फोर्ड मात्र आपल्या भागांवर, बोल्टच्या माथ्यावरसुद्धां, ‘एफ’ हें अक्षर उठवीत असे. जुन्या गाडीचें मूळ शोधणारास तें अक्षर अजूनहि उपयोगी पडतें. दोहोंचे आंस स्पायसर कंपनीच्या रचनेचे होते, आणि मागला आंस फुल-फ्लोटिंग होता.

युद्ध संपल्यावर सरकारनें लष्करी गाड्या विक्रीस काढल्या. इकडे १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद या नांवानें एक संस्था निघाली. १९४८ सालीं ती महिंद्र आणि महिंद्र झाली, आणि विलीजच्या जीपगाड्यांची जुळणी येथेंच होऊं लागली. नागपूर त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतें. चांद्याचें सागवान, भंडारा-बालाघाटकडील मँगनीज, सातपुड्याचे घाट, पावसाळ्यांतील काळ्या मातीचा चिखल : जीपसारख्या गाडीस याहून योग्य मुलूख तो कोणता? याच प्रांतांतील जबलपूर पुढें लष्करी मोटारींचें माहेरघर बनलें. तेथें १९५९ पासून शक्तिमान ट्रक व १९६९ पासून जोंगा गाडी तयार होऊं लागली. मात्र तोंवर, १९५६ च्या प्रांतरचनेनें, नागपूर व जबलपूर निरनिराळ्या राज्यांत गेलीं होतीं.

आतां घोटाळ्याचें मूळ पाहूं. १९४५ च्या जुलैंत विलीजनें नागरिकांसाठीं जीप काढली. तिच्या पहिल्या कांहीं हजार गाड्यांस लष्करी पद्धतीचा फुल-फ्लोटिंग आंसच होता. लौकरच कंपनीनें तो बदलून सेमी-फ्लोटिंग आंस घातला. बाहेरून गाडी तीच, नांव तेंच. मागल्या चाकाच्या पोटांतली व्यवस्था मात्र निराळी. मुंबईस पुढें बनलेल्या सीजे-३बी या जीपचा मागला आंसहि सेमी-फ्लोटिंगच होता. लष्करी जीप, पहिली नागरी जीप आणि नंतरच्या जीप यांचे भाग जेव्हां एकाच दुकानाच्या कोपऱ्यांत येऊन पडतात, तेव्हां डोळे उघडे ठेवणें प्राप्त होतें.

ओळख अशी पटवावी. मागल्या चाकाच्या मध्यभागीं सहा बोल्टांनीं आवळलेली चकती असेल, तर आंस फुल-फ्लोटिंग. एकच मोठा नट व त्यांतून घातलेली पिन दिसली, तर सेमी-फ्लोटिंग. त्याचा तुंबा निमुळत्या दांड्यावर चावीनें बसविलेला असून तो काढावयास ओढणी लागते. लष्करी जीपचे डावे व उजवे दांडे सारख्या लांबीचे नाहींत, कारण डिफरन्शियल उजवीकडे सरकलेलें आहे. दांड्याच्या आंतल्या टोंकावरील खांचा मोजाव्या : लष्करी जीपला त्या दहा असतात, नंतरच्या कित्येक आंसांना एकोणीस.

एवढें जाणूनहि मी स्वतः एकदां फसलों. घेतलेल्या जुन्या जीपचीं चाकें पाहिलीं, सहा बोल्ट मोजले, आणि निश्चिंत झालों. पेंचच्या बाजूस चिखलांतून बाहेर पडल्यावर पुढल्या चाकांचा जोर सोडवावयास मी विसरलों. गाडींत मागें दोन मुलें होतीं. कोरड्या कठीण रस्त्यावर गाडी कण्हूं लागली, आणि उतारावर पुढला फिरता दांडा सांध्यापाशीं तुटून रस्त्यावर आपटला. कोणास इजा झाली नाहीं, हें दैव. कामठी रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींनीं मागला आंस उघडला आणि मला शांतपणें विचारलें, “साहेब, बोल्ट मोजले, दांते मोजले होते काय?”

लष्करी जीपच्या मोठ्या दंतचक्रास ३९ आणि लहानास ८ दांते असतात. नागरी जीपमध्यें ते ४३ आणि ८. हीं चक्रें एकमेकांच्या आंसांत बिनतक्रार बसतात. पहिल्या नागरी जीपचा तर अख्खा आंसच बाहेरून लष्करी आंसासारखा दिसतो. पुढें ३९ व मागें ४३ असले, कीं दोन्ही आंसांच्या गतींत शेंकडा दहांची तफावत पडते. चिखलांत चाकें घसरून ती मिटवितात. कठीण रस्त्यावर ती मिटविण्यास जागाच नसते, आणि सर्वांत दुबळा भाग मोडतो.

ही परीक्षा आंस न उघडतांहि करतां येते. गाडी सपाट जागेवर ठेवून इतर चाकांस दगड लावावे, गिअर मोकळा करावा, एकच मागलें चाक उचलावें. त्यास बरोबर दोन फेरे द्यावे व फिरत्या दांड्याचे फेरे मोजावे. पांचाला किंचित कमी भरले तर चक्र ३९ चें. पांच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक भरले तर ४३ चें. पुढल्या आंसाचीहि हीच परीक्षा घ्यावी. दोन्हीं उत्तरें सारखीं आलींच पाहिजेत.

तुंबा बसवितांना बेअरिंगें ग्रीझनें भरावीं. आंतला नट चाक अडेपर्यंत आवळून सुमारें एक-षष्ठांश फेरा मागें घ्यावा, चाक मोकळें फिरतें हें पाहावें. मग कुलुपाची चकती, बाहेरचा नट, आणि चकतीची कड दुमडावी. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात, हेंहि विसरूं नये.

मोठ्या ट्रकांचीहि गोष्ट निराळी नाहीं. आसाम-ब्रह्मदेशच्या लेडो मार्गावर धांवलेल्या जी. एम. सी.च्या अडीच टनी ट्रकांना दोन जातींचे आंस होते : एक मधोमध दोन अर्ध जोडलेला, दुसरा बँजो वाद्यासारख्या गोल पोटाचा. दोन्ही फुल-फ्लोटिंग, परंतु एकाचे भाग दुसऱ्यास चालत नाहींत.

सैनिकाला वाटेंत दांडा बदलतां यावा, म्हणून ही रचना योजिली गेली, आणि तिच्याचमुळें त्या गाड्या इतकीं वर्षें टिकल्या. बदलणें सोपें, म्हणूनच चुकीचा भाग बसणेंहि सोपें. यास्तव ज्यांच्यापाशीं अशी गाडी असेल, त्यांनीं एक करावें. दोन्ही आंसांची जात, खांचा आणि दांते एका पत्र्याच्या तुकड्यावर कोरून तो अवजारांच्या पेटींत ठेवावा. गाडी पुढें ज्याच्या हातीं जाईल, त्यास बोल्टांबरोबर दांतेहि मोजलेले मिळतील.