कणसांचे फेस्त

गोव्यातील ख्रिस्ती शेतकऱ्यांचा नवान्नाचा सण. गावागावांत तो साधारणपणे ऑगस्टमध्ये साजरा होतो. सासष्टी तालुक्यातील राय येथे ५ ऑगस्टला, तर पणजीजवळच्या ताळगावात २१ ऑगस्टला फेस्त असते.

पावसाळी भात निसवले की गावकरी बँडच्या सुरावर मिरवणुकीने शेतात जातात. पाद्री प्रार्थना म्हणून विळ्याने पहिली कणसे कापतात आणि त्यांना आशीर्वाद देतात. कणसे चर्चमध्ये नेऊन मिस्सा होते. नंतर ती घरोघर वाटली जातात. कुटुंबे ती देवघरातील क्रूसाजवळ ठेवतात. दाणे अजून पुरते भरलेले नसतात, पण पीक घरात येण्याआधी त्याचा पहिला वाटा देवाला द्यायचा, हा त्यामागील भाव.

पहिले फळ देवाला अर्पण करण्याची आज्ञा बायबलच्या जुन्या करारात आहे. इकडे कोकणातील हिंदू घरांतही नवी कणसे दाराला बांधण्याची जुनी रीत आहे. या सणात दोन्ही परंपरा एकत्र आल्या. बायबलमधले पेरणी-कापणीचे दृष्टांत इथल्या भाविकाला पुस्तकी वाटत नाहीत; ते त्याच्या बांधावरचेच असतात.

भातशेती कमी झाली, तरी शेती सुटलेली कुटुंबेही कणीस घरी नेतात.