ध्वनिपातळी नियंत्रण, संगणकीय श्रवणप्रयोगांतील
संगणकावरून ऐकवलेला आवाज श्रोत्याच्या कानाशी किती डेसिबलचा पोहोचतो, हे ठरवण्याची व राखण्याची पद्धत. ध्वनिफाइलमधले आकडे सापेक्ष असतात. आयाम दुप्पट केला की पातळी सुमारे ६ डेसिबल चढते. प्रत्यक्ष पातळी मात्र साउंड कार्ड, हेडफोन आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी मिळून ठरवतात. पट्टी १०० वरून ५० वर आणली म्हणजे आवाज निम्मा झाला, हा समज भाबडा आहे. म्हणून प्रयोगशाळेत हेडफोन कृत्रिम कानावर बसवून ध्वनिपातळीमापकाने अंशांकन करतात आणि नंतर पट्टीला हात लावत नाहीत.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाक् व श्रवणदोषांवर काम चालते. अशा संस्थेत अंशांकनाची सोय करता येते; पण बुलढाणा जिल्ह्यात खामगाव किंवा मेहकरच्या घरी बसून ऑनलाइन प्रयोगात भाग घेणाऱ्याच्या हेडफोनचे असे अंशांकन होत नाही. तेथे श्रोत्याला जेमतेम ऐकू येणारी पातळी आधी शोधून बाकीचे आवाज तिच्या तुलनेत ठेवतात. अर्थात डोक्यावर पंखा फिरत असेल तर तीही फसवी ठरते. हेडफोन खरोखर कानावर आहे का, हे दोन कानांना विरुद्ध कलेतील स्वर देऊन तपासता येते, कारण स्पीकरवर असे स्वर एकमेकांना बरेचसे मारतात.