कोंडा : कारणे आणि उपचार
डोक्यात कोंडा झाला की त्वचा कोरडी पडली, असे समजून भरपूर तेल लावले जाते. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटेच घडत असते. डोक्याच्या त्वचेतून स्रवणाऱ्या तेलकट द्रव्यावर मॅलासेझिया ही सूक्ष्म बुरशी पोसली जाते; तिच्यामुळे दाह होऊन खाज सुटते व पापुद्रे गळतात. तेलाने पापुद्रे तात्पुरते दबतात, मूळ कारण मात्र तसेच राहते.

२ टक्के केटोकोनॅझोलयुक्त शाम्पू आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे वापरावा. फेस ३ ते ५ मिनिटे ठेवून मग केस धुवावेत. जाड, चंदेरी खपल्या सोरायसिसच्या असू शकतात. मुलांच्या डोक्यावर केस गळून चट्टे पडल्यास नायट्याची शक्यता असते; त्याला पोटातून औषध लागते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.