भंडाऱ्यात माणसं फारशी वाढली नाहीत, मग पाणी का बिघडलं?

दरवर्षी ११ जुलैला, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिनाला, फोनवर तेच फॉरवर्ड फिरतात. खचाखच भरलेल्या लोकलचा फोटो आणि खाली एक ओळ: पाणीटंचाई, प्रदूषण, जंगलतोड, सगळ्याचं मूळ वाढती लोकसंख्या.

हे पूर्ण खोटं नाही. १५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. १९८७ मध्ये ती ५०० कोटी होती. २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं. माणसं वाढली की अन्न, पाणी, वीज, घरं सगळंच जास्त लागणार.

पण पूर्व विदर्भातल्या भंडारा जिल्ह्यात हे गणित जुळत नाही.

भंडाऱ्याचे आकडे काय सांगतात?

२००१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ३६ हजार १४६ होती. २०११ मध्ये ती १२ लाख ३३४ झाली. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम ६४ हजारांची भर, वाढीचा दर ५.६५ टक्के. त्याच काळात महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला आणि देश १७.७ टक्क्यांनी.

एकतर कुटुंबं लहान झाली. दुसरं म्हणजे धानाची कापणी आटोपली की तरुण पोरं कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबादकडे निघतात. जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २९४ माणसं राहतात, राज्याची सरासरी ३६५ आहे. पाऊसही कमी नाही, सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास.

थोडक्यात, माणसं कमी, पाऊस भरपूर, वर वैनगंगेसारखी नदी आणि शाळेच्या पुस्तकात ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून नाव. तरीही इथल्या नदीच्या पाण्याला वास येतो, तलाव गाळाने भरतात आणि ढिवरांच्या जाळ्यात पूर्वीचे मासे लागत नाहीत.

नागपूरचं सांडपाणी भंडाऱ्याच्या दारात

नागपूर शहर पिण्यासाठी मुख्यतः पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी घेतं. वापरलेल्या पाण्याचा मोठा भाग नाग नदीत जातो. लाव्हाच्या टेकड्यांतून निघणारी ही नदी शहराला तिचं नाव देऊन गेली, पण शहरात शिरल्यावर ती जवळपास नालाच होते. पुढे नाग कन्हानला मिळते आणि कन्हान भंडारा जिल्ह्याच्या हद्दीवर वैनगंगेला. एका शहराचं सांडपाणी असं दुसऱ्या जिल्ह्याच्या नदीत उतरतं.

पूर्वी वैनगंगा वाहती होती. वाहत्या पाण्यात हवा मिसळते आणि घाण थोडीफार तरी पुढे निघून जाते. मग गोसेखुर्द आलं. पवनी तालुक्यातल्या या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाजे खर्च ३७२ कोटी रुपये होता, पुढे तो १८ हजार कोटींवर गेला. धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि त्याचा फुगवटा मागे भंडारा शहराच्या आसपास पोहोचला. आता घाण वाहून जात नाही, साचते. साचलेल्या पाण्यात जलपर्णी फोफावते. ती सूर्यप्रकाश अडवते, कुजताना प्राणवायू खाते आणि मासे तग धरत नाहीत. भंडारा शहराचं पिण्याचं पाणी याच वैनगंगेतून येतं.

इथे दोष लोकसंख्येचा आहे का? २००१ मध्ये नागपूर शहरात सुमारे साडेवीस लाख लोक होते, २०११ मध्ये २४ लाख. शहर वाढलं, हे खरं. पण घाण झाली ती सगळ्या सांडपाण्यावर प्रक्रिया झाली नाही म्हणून. प्रक्रिया शक्य आहे, याचा पुरावाही नागपुरातच आहे. भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. त्यामुळे तिथलं तेवढं चांगलं पाणी वाचतं आणि नदीत जाणारी घाणही तेवढी कमी होते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने २०२१ मध्ये २,१०० कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प मंजूर केला. त्याच्या प्रत्येक वर्षाच्या उशिराची किंमत भंडारा आणि पवनीच्या लोकांना, विशेषतः मासेमारांना, मोजावी लागते.

मामा तलाव म्हणजे काय?

‘मामा’ हे माजी मालगुजारीचं लघुरूप. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत. बहुतेक दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे. गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला जमिनीचे हक्क मिळत. या कामात कोहळी समाज वाकबगार होता. पूर्वी भंडाऱ्यात असलेला आणि १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या गोंदियात गेलेला नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. मारुती चितमपल्लींच्या वाचकांना हे तलाव नवे नाहीत.

रचना साधी, पण विचार पक्का. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ. वर जंगल, म्हणजे पाणी गाळून येणार. जास्तीचं पाणी सांडव्यातून खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत. शेताला पाणी सोडायला तुडुम, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी छिद्रं असलेली तोटी. पातळी उतरेल तसं खालचं छिद्र उघडायचं. पंप नाही, वीज नाही.

धानाला खरी गरज असते ती ऑक्टोबरच्या सुमारास, पीक निसवायच्या वेळी. पाऊस परतलेला असतो आणि एखादं पाणी कमी पडलं तर लोंब्या पोचट राहतात. तलाव त्या एका पाण्याची सोय करायचा. उरलेल्या पाण्यात मासे, शिंगाडा, गुरांचं पाणी. उन्हाळ्यात कोरड्या भागातला गाळ शेतात. सारसही याच तलाव-धानाच्या पट्ट्यात राहतो. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया, भंडारा, चंद्रपूर इतकाच उरला आहे आणि भंडाऱ्यात तर बोटांवर मोजण्याइतका.

मग बिघडलं कुठे?

१९५० मध्ये मालगुजारी संपवण्याचा कायदा झाला. तो गरजेचा होता, मालगुजारांची सत्ता काही गोडीगुलाबीची नव्हती. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, याची गावातली जुनी व्यवस्था मोडली. ‘तलाव सरकारचा, सरकार बघेल’ असं होत गेलं. गाळ साचला, काठावर अतिक्रमणं झाली आणि बेशरम नावाच्या झुडपाने कडा व्यापल्या.

मासेमारी संस्थांना रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडायला सांगितलं गेलं. हे मासे लवकर वाढतात, पण वाहत्या नदीतले असल्यामुळे साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्यायचं. उलट मरळ, शिंगी यांसारखे देशी मासे तलावातच वाढायचे. त्यांना अंडी घालायला आणि लपायला लागणाऱ्या पाणवनस्पती संपल्या, तसे तेही कमी झाले. ढिवर कुटुंबांचं उत्पन्न आणि ताटातला मासा, दोन्हीवर परिणाम झाला.

मनीष राजनकर आणि त्यांच्या ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने ढिवर समाजासोबत यावरच काम केलं. आधी ढिवरांकडूनच शिकून घेतलं की कोणता मासा तलावाच्या कोणत्या भागात, कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो. मग उन्हाळ्यात बेशरम उपटली, उघडी पडलेली तळजमीन नांगरली आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावल्या. गावातल्या महिलांचे गट यात पुढे होते. जिथे हे नीट झालं तिथे देशी मासे परतले आणि त्यांच्यामागे पक्षीही.

गाळासाठी राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. तिचा फायदा होतो, पण एक सावधगिरी हवी. यंत्राने तलाव सरसकट खोल खणला तर उथळ काठ जातो, आणि मासे-पक्ष्यांचं सगळं चालतं ते उथळ काठावरच.

लोकसंख्या नियंत्रणाचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलांचं प्रमाण १.७ आहे, देशात २.०. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतं, म्हणजे आपण त्याच्या खाली आलो आहोत. मुलींचं शिक्षण, उशिरा लग्न, दवाखान्यांची सोय यांनी हे घडलं. आज तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण आकडा आणखी काही दशकं वाढेल, इतकंच. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जग २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर पोहोचेल आणि मग हळूहळू उतरेल.

पण वापर तसा उतरत नाही. एक अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, एक भारतीय सुमारे २ टन. डोकी मोजताना दोघांची मोजणी सारखीच होते. देशातही शहरातला फ्लॅट आणि तलावाकाठचं ढिवराचं घर यांत असाच फरक आहे.

भंडाऱ्याचाही वाटा आहेच. धानाच्या बांधीत सतत पाणी साचलं की मातीतून मिथेन वायू निघतो आणि उन्हाळी धानाला तर पाणी अफाट लागतं. मधूनमधून बांधी सुकू देणं किंवा ‘श्री’ पद्धतीने लागवड करणं यामुळे पाणी आणि मिथेन दोन्ही कमी होतात. मात्र त्यासाठी हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी हाताशी असावं लागतं. म्हणजे पुन्हा गावचा तलावच दुरुस्त असायला हवा.

देशाची पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार आहे. तेव्हा भंडाऱ्यातली माणसं पुन्हा मोजली जातील. गावच्या तलावाची नोंद बघायला मात्र तोवर थांबायची गरज नाही. मालगुजारी गावांची ‘निस्तार पत्रकं’ महसूल दप्तरात असतात. तलाव कुठला, पाण्यावर कोणाचा हक्क, चराई कुठे, हे त्यात लिहिलेलं असतं. काठावर अतिक्रमणाचा वाद निघाला की गावकऱ्यांच्या हाती पहिला पुरावा तोच असतो.