चाल एकच, पण 'भाऊ' कोणाला म्हणायचं?

चालीला मालक नसतो, हे आपल्याला सांगायला नको. जात्यावरची बाई ओवीच्या एकाच चालीवर रोज नवे शब्द बसवते. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा छोटा डोंगराळ देश आहे, तिथंही हेच. तिथल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात चालीला वेगळं नाव आणि शब्दांना वेगळं. ओळीतली अक्षरं जुळली की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसतात. खाणकामगार, दगडफोडे, त्यांची बायकापोरं सगळे मिळून चार-चार सुरांत गात.

त्यातली एक जुनी लोकचाल म्हणजे 'आर हीड अ नोस', अर्थात 'रात्रभर'. एडवर्ड जोन्स नावाच्या वादकाने ती १७८४ साली छापली. पुढे रेजिनाल्ड हेबर या इंग्रज पाद्र्याची संध्याकाळची प्रार्थना याच चालीवर घरोघरी पोचली. हा हेबर पुढे कलकत्त्याचा बिशप झाला आणि १८२६ साली तिरुचिरापल्लीत वारला.

आता गंमत बघा. याच हेबरने १८१९ साली वेल्समधल्या रेक्सहॅम गावी आणखी एक गीत लिहिलं, धर्मप्रचारासाठी. त्यात लंकेबद्दल म्हटलंय की निसर्ग सुंदर आहे, नीच आहे तो फक्त तिथला माणूस! शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, गांधीजींनी कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोरच या ओळीला हरकत घेतली. म्हणजे देव सगळ्यांचा, पण भाऊ सगळे नाहीत. प्रश्न इथेच आहे.

दुसरं उदाहरण याच्या उलट. अमेरिकन कवी जेम्स रसेल लॉवेलने १८४५ साली गुलामगिरीच्या विरोधात एक कविता लिहिली. तिच्यातून प्रार्थनागीत तयार झालं आणि त्याला चाल मिळाली वेल्सच्या टी. जे. विल्यम्सची. या चालीला लोक 'बाटलीतली चाल' म्हणतात, कारण ती समुद्रातून वाहत आलेल्या बाटलीत सापडली अशी दंतकथा पसरली. खरं तर ती एका माणसाने रचलेली, पण लोकांनी तिला लोकचालच करून टाकलं! १९१० साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने मासिक काढलं, त्याचं 'द क्रायसिस' हे नावही लॉवेलच्या त्याच कवितेवरून घेतलेलं.

आणि मग पॉल रोबसन. गुलामीतून पळून आलेल्या बापाचा हा मुलगा, जगभर गाजलेला गायक. वेल्सच्या खाणकामगारांशी त्याची जुनी मैत्री. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. खाणकामगारांनी त्याला आपल्या संगीत मेळाव्याचं आमंत्रण दिलं, पण येणार कसा? ऑक्टोबर १९५७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभा राहिला आणि अटलांटिकच्या तळातून गेलेल्या टेलिफोनच्या तारेवरून पोर्थकॉलच्या सभागृहात जमलेल्या हजारो लोकांसाठी गायला. सगळी माणसं भाऊ आहेत असं सांगणारं गाणं तो गायला आणि तीच जुनी 'रात्रभर'ची चालही. इकडून खाणकामगारांनी त्याला आपली गाणी ऐकवली. सरकारने माणूस अडवला होता, आवाज अडवता आला नाही.

यात आपलाही एक धागा आहे. १९५८ च्या एप्रिलमध्ये रोबसनचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. अमेरिकेला ते रुचलं नाही, तरी कार्यक्रम झाला. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याला पासपोर्ट परत मिळाला.

बंधुतेची गाणी आपल्याकडेही काही कमी नाहीत. साने गुरुजींची प्रार्थना आपण सगळ्यांनी शाळेत म्हटली आहे. पण गुरुजी प्रार्थना लिहून घरी बसले नाहीत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. खाणकामगारांनीही अडवलेल्या माणसासाठी तार जोडून घेतली होती.

गाणं पाठ असणं सोपं आहे हो. आपल्या गावात, सोसायटीत आज कोणाला दाराबाहेर ठेवलंय, तेवढं बघा. आणि दिसलं तर बोला.