कोरड्या हवेचें गांव : तेरखेडा

मनुष्य एखाद्या ठिकाणीं वस्ती कां करतो, असें विचारलें तर 'जेथें पाणी तेथें वस्ती' हें उत्तर बहुधा मिळतें. नाईल, सिंधु, गोदावरी यांच्या कांठच्या नगरांकडे पाहिलें म्हणजे तें पटतेंही. परंतु सोलापुराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत तेरखेडा नांवाचें गांव आहे. त्याची हकीकत या उत्तरांत पुरती मावत नाहीं.

तेरणा नदीचा उगम याच गांवाच्या परिसरांत होतो. ही नदी पुढें मांजरेला मिळते आणि मांजरेबरोबर गोदावरीला. तिच्या कांठीं, खालच्या अंगाला, तेर वसलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, तें हेंच, डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं तें साधार दाखवून दिलें. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरांतून कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे. तेथें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति आणि इटलींतील पाँपेई येथें मिळालेली तशीच मूर्ति यांचें साम्य पाहिलें, म्हणजे हा व्यापार किती दूरवर पोंचला होता तें ध्यानीं येतें. शिलाहार राजे तर तगराच्या स्वामित्वाचें बिरुद पिढ्यान् पिढ्या मिरवीत होते. संत गोरोबाकाकांचें गांवही तेरच. कुंभाराला माती हवी आणि पाणीही हवें. नदीकांठीं दोन्ही होतीं.

उगमाच्या गांवाचें नशीब मात्र निराळें असतें. पाणी पडतें तेथें, आणि उतारावरून निघून जातें. शिवाय पडतें तेंही बेताचेंच. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाला पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ढग डोंगर ओलांडून पूर्वेस येईपर्यंत निम्मेशिम्मे रिते झालेले असतात. धाराशिव जिल्ह्याच्या वांट्याला सरासरीनें सात-आठशे मिलिमीटर येतात, आणि तेही वेळेवर येतील याचा भरंवसा नसतो. १६३० ते १६३२ चा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा आणि १९७२ चा, हे तिन्ही दख्खनच्या पठारानें भोगले. शेजारच्या लातूर शहराला तर २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें.

मग लोक येथें राहिले कशाच्या जोरावर? जिरायत ज्वारी होतीच. पण ज्वारीच्या जोडीला त्यांनीं अशा गोष्टी धरल्या, कीं ज्यांना थोडें पाणी पुरतें. खुरट्या झुडपांवर निभावून दूध व मांस देणारी उस्मानाबादी शेळी या भागाची देणगी आहे. दूध मोठ्या शहरांपर्यंत नासल्याशिवाय जात नसे, म्हणून भूम-वाशीकडील लोक तें आटवून त्याचा खवा करूं लागले. (याच जिल्ह्यांत उंसाचे मळे वाढले आणि तेरणेच्या नांवाचा साखर कारखानाही ढोकीस उभा राहिला, तो मात्र हवामानाशीं मांडलेला हट्टच म्हणावयाचा.)

तेरखेड्यानें धरलेला धंदा फटाक्यांचा. महाराष्ट्रांत कोठेंही या गांवाचें नांव निघालें, कीं पाठोपाठ फटाक्यांचें निघतें. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू ओलीला भिते. ती दमट झाली म्हणजे पेटत नाहीं, नुसती फुसफुसते. कागदाच्या नळ्या, खळ लावलेले पुडे, वाती, सारें उन्हांत खडखडीत वाळावें लागतें. त्यांतही खरी अडचण पंचांगाची आहे. दिवाळी येते पावसाळा सरतां सरतां. म्हणजे तिचा माल ऐन पावसाळ्यांत तयार व्हावयास हवा. कोंकणांत त्या चार महिन्यांत धुतलेलें धोतर वाळत नाहीं, तेथें वात कशी वाळणार? तेरखेड्यास मात्र पावसाच्या दोन सरींमध्यें कित्येकदां आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांचें ऊन पडतें. ज्या उघडिपीनें कुणब्याचें पीक करपतें, तीच दारूकाम करणाऱ्याला हवी असते. तामिळनाडूंतील शिवकाशीचें रहस्यही बरेंचसें हेंच आहे: तेथें मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येतो, आणि त्याआधींचे महिने माल वाळविण्यास मोकळे मिळतात.

परंतु ही कोरडी हवा दोन्हीं अंगांनीं धार असलेली आहे. दमट हवेंत घर्षणानें उत्पन्न झालेली वीज आपोआप विरून जाते. कोरड्या हवेंत ती वस्तूंवर व अंगावरच्या कपड्यांवर सांचून राहते, आणि दारूला एवढीशी ठिणगीही पुरते. म्हणून १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि त्याखालील २००८ चे नियम दारू भरण्याच्या खोल्या एकमेकींपासून अंतरावर ठेवावयास आणि प्रत्येकींत मोजकींच माणसें व मोजकाच माल असावा असें पाहावयास सांगतात. तरीही तेरखेड्याच्या परिसरांतील कारखान्यांत आजवर अनेकदां स्फोट झाले आणि त्यांत मजूर दगावले. मेलेल्यांनीं हें ठिकाण आणि हें काम राजीखुषीनें निवडलें होतें, असें म्हणणें सोपें आहे. पण त्यांच्यासमोर दुसरें काय होतें, हेंही विचारलें पाहिजे. बीड-धाराशिवकडील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथें ऊस तोडावयास जातात, ती दुसरी वाट. तींत अर्धें वर्ष घराला कुलूप लागतें आणि मुलांची शाळा सुटते. दारूच्या कामांत जीव धोक्यांत असतो, पण रोज संध्याकाळीं मनुष्य आपल्या घरीं येतो, मुलें शाळेंत राहतात, म्हातारींमाणसें एकटीं पडत नाहींत.

हमरस्ता एकच आहे. दिवाळीच्या आधीं त्याच रस्त्यानें फटाक्यांचीं गिऱ्हाइकें तेरखेड्यांत येतात, आणि ऊसतोड्यांच्या गाड्याही त्याच रस्त्यानें गांवें मागें टाकून निघतात.